मृग म्हणजे हरीणच ना? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला लोक ठरावीक प्रश्न विचारतात. 'मृग' या दोन अक्षरांबद्दल मला आजवर जे प्रश्न आले ते इथे एकत्र केले आहेत. काही माझ्या भाचीचे आहेत, काही बागायतदारांचे, काही बाळाचं नाव शोधणाऱ्या आईवडिलांचे. ज्यांना फक्त हरीण एवढंच उत्तर हवं होतं त्यांची आधीच माफी मागतो.

मृग म्हणजे हरीण. यात विचारण्यासारखं काय आहे?

आजच्या मराठीत खरंच फारसं काही नाही. पण मग मृगराज म्हणजे सिंह कसा? हरणांनी आपला राजा म्हणून सिंहाला निवडून दिल्याचं ऐकिवात नाही. झाडावरच्या माकडाला संस्कृतात शाखामृग म्हणतात, ते कुठल्या अंगाने हरीण? शहामृगाला तर पिसं असतात आणि तो अंडी घालतो. जूनच्या पहिल्या पावसात मातीतून वर येणारा मखमली लाल जीव 'मृगाचा किडा' का? या सगळ्या शब्दांत मृग आहे, हरीण मात्र एकातही नाही. तिथूनच खरी गंमत सुरू होते.

बरं, मग मूळ अर्थ काय?

रानातला पशू. माणसाने पाळलेला, दावणीला बांधलेला नव्हे, मोकळा फिरणारा. ऋग्वेदात विष्णूच्या पराक्रमाला दिलेली उपमा प्रसिद्ध आहे: 'मृगो न भीमः कुचरो गिरिष्ठाः', म्हणजे डोंगरात राहणाऱ्या, वाटेल तिथे भटकणाऱ्या भयंकर मृगासारखा. इथे हरीण डोळ्यांपुढे आणून पाहा, उपमा लगेच कोसळते. हरणाला भयंकर कोण म्हणेल? कवीच्या मनात वाघ-सिंहासारखं काहीतरी आहे.

त्याच ऋग्वेदात एके ठिकाणी 'महिषो मृगाणाम्' असं येतं, मृगांमधला महिष, म्हणजे रानरेडा. आणि मला सगळ्यात आवडणारा प्रयोग हत्तीचा आहे. वेदांतले कवी हत्तीला 'मृग हस्ती' म्हणतात: हात असलेला पशू. सोंडेला त्यांनी हात मानलं. पुढे या जोडीतला 'मृग' गळून पडला आणि नुसता 'हस्ती' उरला. त्याचाच प्राकृतात 'हत्थी' आणि मराठीत 'हत्ती' झाला. म्हणजे आपण हत्ती म्हणतो तेव्हा अर्धंच नाव घेतो. उरलेलं अर्धं रानात राहिलं.

अश्विनीकुमारांच्या एका सूक्तात तर 'पर्णा मृगस्य पतरोः' असे शब्द आहेत, उडणाऱ्या मृगाचे पंख. पंखवाला मृग! हे लक्षात असू द्या, शहामृगाच्या वेळी उपयोगी पडेल.

'वेगाने धावणारा' हा अर्थ कुठून आला?

यास्काकडून. वेदातल्या अवघड शब्दांची फोड करणारा हा फार जुना अभ्यासक. 'मृगो मार्ष्टेर्गतिकर्मणः' असं तो सांगतो. मृज् या धातूला इथे गतीचा अर्थ आहे, म्हणून जो सतत चालतो-धावतो तो मृग. आजचे भाषाभ्यासक या व्युत्पत्तीकडे जरा संशयानेच पाहतात, पण यास्काच्या काळच्या माणसाला या शब्दात आधी काय ऐकू येत होतं ते मात्र यातून कळतं. त्याला शिंगं किंवा ठिपके आठवले नाहीत. त्याला आठवला वेग.

तिथेच यास्काने केलेली एक कसरत सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'कुचर' म्हणजे वाईट वागणारा, असा अर्थ तो आधी देतो, कारण हिंस्र पशूला तो चपखल बसतो. पण उपमा तर देवाला लावलेली. देवाला वाईट वागणारा कसं म्हणायचं? मग तो म्हणतो, हा शब्द देवाचा असेल तेव्हा अर्थ घ्यायचा 'क्व अयं न चरति', हा कुठे फिरत नाही? कु म्हणजे कुठे. एकाच शब्दातून पशूला शिवी आणि देवाला स्तुती. टीकाकारांची ही परंपरा जुनी आहे तर.

शिकाऱ्याचा या शब्दाशी काय संबंध?

फार जवळचा. शिकार म्हणजे मृगया. शिकारी म्हणजे मृगयु. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात व्याधाचे समानार्थी शब्द एका ओळीत दिले आहेत: 'व्याधो मृगवधाजीवो मृगयुर्लुब्धकोऽपि सः'. शिकाऱ्याच्या कुत्र्यालाही वाटा मिळाला आहे, तो मृगदंशक, मृगाला चावणारा. हरणं खाणारा मृगादन म्हणजे तरस. (मराठीतला 'तरस' हा संस्कृत 'तरक्षु'चा वंशज.) कोल्हा मृगधूर्त, म्हणजे मृगांमधला लबाड. पळणारा, पाठलाग करणारा, पाठलाग करणाऱ्याचा कुत्रा आणि उरलंसुरलं खायला मागून येणारा, सगळ्यांच्या नावात हा शब्द आहे.

संस्कृत व्याकरणात 'मृग अन्वेषणे' असा धातूही आहे, मृगयते म्हणजे शोधतो. बहुधा आधी पशू, मग पशूच्या मागे जाणं, मग कशाच्याही मागे जाणं, असा अर्थ सरकत गेला असावा. टीकाग्रंथांत 'प्रमाणं मृग्यम्' असा शेरा सापडतो. शब्दशः अर्थ पुरावा शोधायला हवा, खरा अर्थ पुरावा काही नाही. पंडितांची सभ्य चपराक.

मला या शब्दाबद्दल एकच गोष्ट ठामपणे वाटते, ती इथे सांगून टाकतो. मृग हे मुळात एका जातीचं नाव नसावं, ते एका जागेचं नाव असावं: पाठलागात जो पुढे धावतो त्याची जागा. त्या जागेवर कधी रेडा उभा असतो, कधी हत्ती, कधी हरीण, आणि उन्हाळ्यात कधी नुसतं पाणी.

रोजच्या मराठीत या अर्थाचं काही उरलंय का?

उरलंय, आणि आपण ते दिवसातून दहा वेळा वापरतो. संस्कृतातला 'मार्ग' हा शब्द मृगापासून आल्याचं सर्वसाधारणपणे मानतात: मृगाचा तो मार्ग, जनावराची पायवाट. याच 'मार्ग'चा मराठीत 'माग' झाला. माग काढणे, मागावर असणे, मागमूस, मागोवा घेणे. पावसाळ्यानंतरच्या ओल्या मातीत उठलेला खूर, दोन फाकलेल्या पाकळ्यांसारखा, कडेने चिखल किंचित वर आलेला, आत साचलेलं चमचाभर पाणी अजून गढूळ. ते पाणी निवळलेलं नाही म्हणजे जनावर नुकतंच गेलं. याला जंगलात फिरणारा माणूस माग म्हणतो. शब्द आणि वस्तू इतक्या जवळ राहिल्याचं उदाहरण विरळाच.

आणि 'मागणे' हे क्रियापदही याच घरातलं: मार्गति म्हणजे शोधतो, मिळवू पाहतो, त्यावरून मागणे. मुलीला मागणी घालणे, भीक मागणे, माफी मागणे. संस्कृतात 'मार्गण' शब्दाचे दोन अर्थ आहेत, बाण आणि याचक. दोघेही काहीतरी शोधत निघालेले. दारात आलेल्या माणसाला आणि भात्यातल्या बाणाला एकच नाव देणाऱ्या भाषेला विनोदबुद्धी नव्हती असं कोण म्हणेल?

पारधी, शिकारी, व्याध: एकाच अर्थाचे तीन शब्द कशाला?

घराणी वेगळी. व्याध संस्कृत, व्यध् म्हणजे भोसकणे, वेध घेणे यावरून. शिकार आणि शिकारी फारसीतून आले. पारध हा प्राकृतातून आलेला अस्सल मराठी वळणाचा शब्द. फासेपारधी या नावातले फासे म्हणजे जनावर धरायचे सापळे, सोंगट्यांचे नव्हेत, हे शहरातल्या वाचकांना मुद्दाम सांगावं लागतं. हे कसब पोटापाण्याचं होतं आणि रानाची अतिशय बारीक माहिती त्यामागे होती. इंग्रजांनी 1871च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, पारध्यांवरही तो बसला. तो कायदा 1952 साली गेला. शिक्का लोकांच्या डोक्यातून तितक्या लवकर गेला नाही.

राजे लोक तीच गोष्ट करत तेव्हा मात्र तिला मृगया म्हणत. मनुस्मृतीत राजाच्या कामज, म्हणजे हौसेपोटी जडणाऱ्या, व्यसनांची यादी आहे, तिच्यात पहिलं नाव मृगयेचं. जुगार, दिवसा झोपणं हे सगळं त्यानंतर. शाकुंतलात सेनापती या मताची थट्टाच करतो. शिकारीला उगाच व्यसन म्हणतात, अशी करमणूक दुसरी कोणती, असं त्याचं म्हणणं. आणि त्याच नाटकाच्या सुरुवातीला दुष्यंताच्या रथापुढे ऋषी आडवे येतात: 'आश्रममृगोऽयं न हन्तव्यो न हन्तव्यः'. त्याआधीचं पळत्या हरणाचं वर्णन एकदा मुळातून वाचाच. मान मागे वळवून रथाकडे पाहत ते इतक्या उंच उड्या मारतं की आकाशातच जास्त आणि जमिनीवर थोडंसंच चालतंय असं वाटतं. कालिदासाने काळवीट लांबून पाहिलेलं नाही, एवढं नक्की.

मग सिंहाला मृगराज का म्हणतात हे आता कळलं. गीतेतही तेच आहे का?

हो. दहाव्या अध्यायात 'मृगाणां च मृगेन्द्रोऽहम्'. पशूंमध्ये मी सिंह.

एवढा मोठा अर्थ हरणापुरता कसा आटला?

ज्याची शिकार सगळ्यात जास्त तोच 'शिकार' या नावाचा मालक होतो. रानात गेलेला माणूस बहुतेक वेळा हरणामागेच धावत असणार, म्हणून पशू म्हणजे हरीण. पालीत 'मिग' म्हणजे हरीणच. बुद्धांनी पहिलं प्रवचन दिलं त्या सारनाथच्या जागेचं नाव मिगदाय, हरणांचं रान. धम्मचक्राच्या दोन बाजूंना बसलेली हरणं त्याची खूण. अमरकोशाच्या काळापर्यंत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते.

हा प्रवास एकट्या मृगाचा नाही. इंग्रजीतला 'डिअर' शब्दही एके काळी कुठल्याही जनावरासाठी होता, त्याचा जर्मन भाऊ 'टिअर' आजही प्राणी याच अर्थाने राबतो. आपल्याकडे 'सावज' पाहा. तो 'श्वापद'चा अपभ्रंश, म्हणजे हिंस्र पशू. पण मराठीत सावज म्हणजे ज्याची शिकार होणार तो. शिकारी उलटून शिकार झाला! 'जनावर' फारसीत कुठलाही सजीव. आपल्याकडे ते गुरंढोरं झालं, आणि खेड्यात रात्री कोणी 'जनावर निघालं' म्हणालं तर अंथरुणावर पाय वर घ्यायचे असतात, कारण ते साप असतं.

शहामृग हा मृग कसा?

हा माझ्या भाचीचा प्रश्न. 'मामा, शहामृगाला शिंगं असतात का?' नाही म्हटल्यावर ती म्हणाली, 'मग त्याला मृग का म्हणायचं?' तिला तेव्हा उत्तर देता आलं नाही, हे कबूल करतो.

उत्तर फारसीत आहे. फारसीत 'मुर्ग' म्हणजे पक्षी. शहामुर्ग म्हणजे पक्ष्यांचा शहा. मराठीच्या कानाला मुर्ग ओळखीचा नव्हता, मृग होता, तेव्हा जीभ तिकडे वळली. हिंदीवाल्यांनी 'शुतुरमुर्ग' ठेवला, त्यातला शुतुर म्हणजे उंट.

आता यातली खरी मजा. हा मुर्ग आपल्या मृगाचा सख्खा चुलत भाऊ आहे. इराणमधल्या अवेस्ता या जुन्या धर्मग्रंथाच्या भाषेत 'मेरेघ' म्हणजे पक्षी. तो आणि वैदिक मृग एकाच मूळ शब्दातून फुटले. एका घराण्याने तो चार पायांच्या रानपशूला दिला, दुसऱ्याने पंखवाल्याला. फारसी कथांतला अवाढव्य पक्षी सीमुर्ग, त्याच्या नावातला 'सी' म्हणजे मुळात अवेस्तातला 'सएन', आपला श्येन, ससाणा. आणि मघाशी ऋग्वेदातले मृगाचे पंख पाहिलेच. म्हणजे मराठीने चुकून मुर्गचा मृग केला, आणि ती चूक नकळत हजारो वर्षांपूर्वीच्या बरोबर जागी जाऊन बसली. अशा चुका भाषेला रोज होवोत.

शहामृग ताशी सुमारे 70 किलोमीटर धावतो, हे यास्काला कळतं तर त्यानेही हरकत घेतली नसती.

म्हणजे मुर्गा, मुर्गी हेही मृगच?

नात्याने, हो. कोकणात मिरगाला, म्हणजे मृग नक्षत्र लागतं त्या दिवशी, कोंबड्याचा मान असतो. तिथे मृग आणि मुर्ग एकाच दिवशी भेटतात. हा निव्वळ योगायोग आहे, यावर कोणी प्रबंध लिहू नये.

आकाशातला मृग नेमका कुठे शोधायचा?

डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. एका ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर तीन तारे दिसतील. ते एकदा दिसले की विसरता येत नाहीत. त्यांच्याभोवती चार ठळक ताऱ्यांचा मोठा चौकोन आहे, ते मृगाचे चार पाय. त्यांपैकी तांबूस आहे तो काक्षी, निळसर पांढरा राजन्य. चौकोनाच्या एका बाजूला तीन मंद ताऱ्यांचा इवला पुंजका, ते त्याचं डोकं, मृगशीर्ष. मधले तीन तारे म्हणजे पोटात घुसलेला बाण. बाणाची रेषा आग्नेयेकडे वाढवली की रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा लागतो: व्याध. उलट्या दिशेने गेलं की रोहिणी.

ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात याची गोष्ट आहे. प्रजापतीला आपल्याच मुलीचा मोह झाला. ती हरिणी झाली, तो हरीण होऊन तिच्या मागे लागला. देवांना हे अघोर वाटलं. त्यांनी आपल्यातली सगळी उग्र रूपं एकत्र करून एक देव घडवला आणि त्याने बाण मारला. विद्ध झालेला प्रजापती आकाशात गेला तो मृग, मारणारा मृगव्याध, ती हरिणी रोहिणी, आणि तीन पेऱ्यांचा बाण 'इषु त्रिकांडा'. शाकुंतलात सारथी दुष्यंताला म्हणतो की तुला पाहून मृगामागे लागलेला पिनाकपाणी शंकरच दिसतोय. ती उपमा वाचली की हीच गोष्ट आठवते.

ग्रीकांनी नेमका हाच तारकासमूह घेतला आणि त्यात शिकारी पाहिला, ओरायन. आपला व्याध त्यांच्याकडे त्याचा कुत्रा झाला. तेच तारे, तोच पाठलाग, पात्रं तेवढी बदलली. लोकमान्य टिळकांनी 1893 साली 'ओरायन' हा ग्रंथ लिहिला तो याच नक्षत्रावर. वसंतसंपात (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा) मृगशीर्षात असल्याच्या खुणा वेदात सापडतात, असं मांडून त्यांनी वेदांचा काळ ख्रिस्तपूर्व 4000च्या आसपास नेला. काळाचं ते गणित पुढे बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारलं नाही, पण मृग-व्याधाची कथा इतक्या बारकाईने उलगडणारं दुसरं काही मी तरी वाचलेलं नाही.

मग जूनमध्ये 'मृग नक्षत्र लागलं' म्हणतात तेव्हा ते आकाशात का दिसत नाही?

लागलं म्हणूनच दिसत नाही. 7 किंवा 8 जूनला सूर्य मृगात शिरतो. सूर्य ज्या नक्षत्रात, ते नक्षत्र त्याच्याबरोबरच उगवतं आणि मावळतं, दिवसाच्या उजेडात बुडून जातं. पावसाची सगळी नक्षत्रं अशीच न दिसणारी असतात. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस राहतो, म्हणून 21-22 जूनला आर्द्रा.

तारीख कायमची नाही, हेही जाता जाता. पंचांगातलं नाक्षत्र वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं आहे, त्यामुळे साधारण सत्तर वर्षांत एक दिवस या हिशेबाने मृग पुढे सरकतो. पावसाने मात्र पंचांग वाचलेलं नसतं. मृगाचं वाहन उंदीर की बेडूक यावरून पेरणीचा बेत करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पण जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय बी टाकू नये, हे वाहनापेक्षा भरवशाचं.

मार्गशीर्ष महिना याच मृगावरून का?

हो. त्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो. सूर्य समोरच्या बाजूला, म्हणून नक्षत्र रात्रभर दिसतं. जूनच्या बरोबर उलट.

मृगाचा किडा म्हणजे काय? आता दिसत का नाही?

पहिल्या सरीनंतर ऊन पडलं की मोकळ्या मातीवर गुंजेएवढे लालभडक ठिपके चालू लागतात. जवळ जाऊन पाहिलं तर अंगावर दाट, आखूड लव, अगदी मखमलीच्या शिलाई केलेल्या बटणासारखी. हळूच तळहातावर घेतला तर पाय पोटाशी घेऊन गप्प पडतो, मेल्याचं सोंग. धीर धरला तर मिनिटाभराने पुढचे पाय चाचपडत बाहेर येतात आणि हाताला गुदगुल्या होतात. पाय मोजा: आठ. म्हणजे हा किडा नाहीच, कोळी-गोचिडांच्या गोतातला आहे. संस्कृतातला इंद्रगोप तो हाच, असं मानतात.

वर्षातला बहुतेक काळ तो मातीत असतो. पावसाने माती भिजली की वर येतो, वाळवी आणि किड्यांची अंडी खातो, जोडीदार शोधतो, परत खाली. त्याचं दर्शन फार तर काही दिवसांचं. जिथे अंगण म्हणजे फरशी आणि बांध म्हणजे सिमेंट, तिथे तो वर यायचा कुठून? औषधासाठी त्याची शिकारही होते, तो गोळा केला जातो. शेवटी तोही मृगच.

मृग बहार म्हणजे मृगातली फुलं?

बागायतदार हसतील, पण साधारण तेच. संत्री, मोसंबी, डाळिंब या झाडांना वर्षातून तीनदा फुलण्याची सवय असते: जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हस्त. तिन्ही धरले तर झाड खचतं आणि एकही नीट हाती लागत नाही, म्हणून एकच धरायचा. मृग धरायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडून बागेला ताण देतात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाडाची वाढ थांबते आणि अन्न फांद्यांत साठतं. मग मृगाचा पाऊस आला की साठलेलं सगळं फुलांवाटे बाहेर पडतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारीत उशिरा. विदर्भातला मृग बहाराचा संत्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतो. जोखीम एवढीच की सगळं पावसाच्या हातात. मृग कोरडा गेला तर ताण दिलेलं झाड तसंच ताटकळतं.

मृगजळाला हरीण खरंच फसतं का?

हरणाच्या मनातलं कोणी विचारलेलं नाही. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, वरची त्या मानाने दाट. आकाशाकडून तिरपा येणारा प्रकाश या थरांतून जाताना वाकतो आणि खालून वर डोळ्यांत शिरतो. आकाशाचा तुकडा जमिनीवर दिसतो, डोळा त्याला पाणी समजतो. पुढे गेलं की ते तेवढंच पुढे सरकतं. डांबरी रस्त्यावर दुपारी गाडी चालवणाऱ्याला रोजच दिसतं. नाव मात्र अचूक आहे, कारण इथे पुढे धावणारं पाणी आहे आणि मागे लागलेला मृग. बिचाऱ्याची जागा एकदाच बदलली, तीही पदरात काही न पडता.

मृगांक म्हणजे चंद्र, पण शशांक म्हणजेही चंद्र. डाग नेमका कशाचा?

ज्याला हरीण दिसलं त्याने मृगांक म्हटलं, ज्याला ससा दिसला त्याने शशांक. मला ससाच दिसतो.

कस्तुरीमृग हे हरीण आहे ना?

प्राणिशास्त्राच्या हिशेबाने नाही, त्याचं कुळ वेगळं. नराला शिंगं नसतात, त्याऐवजी वरच्या जबड्यातून खाली आलेले सुळे असतात. कस्तुरी फक्त नराजवळ, पोटाखालच्या ग्रंथीत. 'मृगनाभि' या नावामुळे ती नाभीत असते अशी समजूत झाली.

काळवीट, चितळ, सांबर यांपैकी खरा मृग कोणता?

जुन्या ग्रंथांना हा भेद फारसा नको होता. आज भेद करायचा तर शिंगांवरून करा. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी येतात, ती फांद्या फुटलेली असतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा यांची जन्मभर टिकतात, फांद्या नाहीत, आतून पोकळ. काव्यातला कृष्णसार म्हणजे काळवीट. ताशी 80 किलोमीटरच्या आसपास धावणारा, त्यामुळे वेगाच्या परीक्षेत पहिला नंबर त्याचाच. महाराष्ट्रात तो पाहायचा तर अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या रेहेकुरीच्या माळावर जा, सकाळी लवकर.

ज्योतिषाच्या जुन्या पुस्तकात 'मृग रास' वाचली. ती मृग नक्षत्राची का?

नाही, इथे गोंधळ ठरलेला. राशींच्या संदर्भात मृग म्हणजे मकर, कारण त्या मकराला मृगाचं तोंड कल्पिलं आहे. मृग नक्षत्र वृषभ आणि मिथुन या राशींत विभागलेलं. दोघांमध्ये अर्धं आकाश आहे.

उच्चार 'म्रुग' की 'म्रिग'?

मराठीत म्रुग, हिंदीत म्रिग. लिहिताना दोन्हीकडे मृग. गावाकडचा 'मिरग' ऐकून हसू नये, तो पालीच्या 'मिग'सारखाच जिभेवर घासून गुळगुळीत झालेला आहे.

मुलीचं नाव मृणाल किंवा मृण्मयी ठेवलं तर अर्थ हरणाशी जोडता येईल का?

नाही. मृणाल म्हणजे कमळाचा देठ, मृण्मयी म्हणजे मातीची. मृगाक्षी, मृगनयनी चालेल. फक्त ऋग्वेदातला अर्थ लावलात तर डोळे वाघाचे निघतील, एवढं बघा.